पेव की अर्पणाचा खड्डा? प्रागैतिहासिक वस्तीतला खड्डा खणताना

खड्डा सापडला की तो पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) होता की अर्पणाचा, हे लगेच विचारलं जातं. पण धान्य संपल्यावर त्याच खड्ड्यात कचरा पडतो, कधी अर्पणही ठेवलं जातं. म्हणून खड्डा कशासाठी खणला आणि कशाने बुजला, या दोन नोंदी पहिल्यापासून वेगळ्या ठेवा. पहिलीचं उत्तर आकार, भिंत आणि तळ देतात, दुसरीचं भराव.

आधी तोंड शोधा. खुरप्याने जमीन सपाट खरवडून पाण्याची बारीक फवारणी करा. भराव ओल जास्त वेळ धरत असेल तर वाळताना त्याची कड गडद उठून दिसते. ती खुरप्याच्या टोकाने आखा, १:२० प्रमाणात आराखडा काढा आणि मगच खणा.

एका वेळी अर्धाच खड्डा खणायचा, म्हणजे उरलेल्या अर्ध्याच्या छेदात थर दिसतात. दोन खड्डे एकमेकांना कापत असतील तर अर्ध्याची हद्द दाखवणारी दोरी दोन्ही खड्ड्यांना छेदून न्या, नाहीतर आधीचा कोणता हे कळणार नाही. मधून सुरुवात करून थराथराने भिंतीकडे सरका. पेवाचं तोंड अनेकदा अरुंद आणि पोट रुंद असतं. नवखा माणूस तोंडाच्या रेषेत सरळ खाली जातो आणि पोटातला भराव भिंत समजून सोडून देतो. खोली १.२ मीटरकडे गेली की आधाराशिवाय आत उतरू नका. पोखरलेली कड काही न सांगता ढासळते. छेद १:१० वर काढा, प्रत्येक थराला वेगळा क्रमांक द्या, आणि खड्ड्याच्या कापालाही (म्हणजे मूळ खणलेल्या आकाराला) स्वतंत्र द्या.

अरुंद तोंडामागे कारण आहे. मातीने तोंड लिंपलं की भिंतीलगतचे ओलसर दाणे मोडावतात, आतला ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग मोड थांबतात, किडेही मरतात. कडेचा पातळ थर वाया जातो, मधलं धान्य टिकतं. इंग्लंडमधल्या बटसर इथल्या प्रायोगिक शेतावर पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७२ पासूनच्या प्रयोगांत हे पेवं भरून तपासलं. म्हणून भिंतीलगत मोडावलेले जळके दाणे मिळाले तर साठवणीचा पुरावा भक्कम. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मिळतो तसा चुन्याचा लेपही तेच सांगतो.

किती धान्य मावत होतं ते काढा. तोंडाची त्रिज्या ०.५ मीटर, तळाची ०.७, खोली १.५ असेल तर π × १.५ ÷ ३ × (०.२५ + ०.३५ + ०.४९), म्हणजे सुमारे १.७ घनमीटर (कंसात दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि मधे त्यांचा गुणाकार). गहू घनमीटरला साधारण ७५० किलो धरला तर पावणेतेराशे किलो. वरचा भाग नांगराने किंवा धुपेने गेलेला असू शकतो, म्हणून हा आकडा ‘किमान’ म्हणूनच लिहा.

अर्पण म्हणण्याची घाई करू नका. इंग्लंडमधल्याच डेनबरीच्या लोहयुगीन टेकडीकोटात (बॅरी कनलिफ यांचं उत्खनन, १९६९ ते १९८८) पेवांच्या तळाशी अखंड जनावरं, घोड्यांचे पाय, माणसांची हाडं मिळाली. जागा, मांडणी आणि पुनरावृत्ती तिन्ही जुळतात म्हणून तिथे अर्पणाचा अर्थ टिकतो. एकट्या सांगाड्यावर तो टिकत नाही. रोगाने मेलेलं जनावरही असंच पुरतात. हाडं सांध्यात जुळलेली असतील तर मांस-स्नायू असतानाच ती झाकली गेली. कुत्र्याने चावल्याच्या खुणा असतील तर ती आधी उघड्यावर पडली होती. वरच्या आणि खालच्या थरातली खापरं एकमेकांना जुळली तर बहुधा खड्डा एका दमात बुजवलेला आहे. अर्थात उंदरा-कोल्ह्यांची बिळं आहेत का, ते आधी बघाच.

इनामगावात घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत शीर नसलेली स्त्रीमूर्ती मिळाली. हे मुद्दाम ठेवलेलं होतं यात शंका नाही, पण ती जागा साठवणीची नव्हे. तोंडाला तोंड लावलेल्या कुंभांतली मुलांची दफनंही घराखालीच मिळतात. त्यांना खड्ड्यांच्या यादीत ढकलू नका.

दुसरा अर्धा भाग काढताना प्रत्येक थरातून ४० लिटर माती घ्या, थर लहान असेल तर सगळीच. तळाच्या दोन-तीन सेंटिमीटरची माती वेगळ्या पिशवीत. पाण्यात ढवळून तरंगणारं ०.३ मिलिमीटरच्या जाळीवर धरा आणि सावलीत वाळवा. उन्हात जळके दाणे तडकतात. कालमापनाला लाकडाचा कोळसा न देता एकच दाणा द्या. लाकूड खड्ड्यापेक्षा कितीतरी जुनं असू शकतं.