पटाशीची आधी पाठ, मग धार

वडिलांची सहा सुती, म्हणजे पाऊण इंच रुंद, पटाशी (सुताराची लाकूड तासायची छिन्नी) माझ्या हाती आली तेव्हा ती सागावर नुसती घसरत होती. मी ती बाजारात नेऊन चाकावर धार लावून आणली. घरी येऊन बघते तर टोक निळं पडलेलं. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असं निळं होतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग कितीही गार पाण्यात बुडवा, गेलेला कडकपणा परत येत नाही. तो निळा भाग हाताने घासून काढायला मला दोन रविवार लागले. तेव्हापासून माझ्या पटाश्या चाकाजवळ जात नाहीत.

त्या दोन रविवारांत एक गोष्ट हाताला कळली. धार म्हणजे पाठ (पात्याची सपाट बाजू) आणि उतार (टोकाकडची तिरपी बाजू) जिथे मिळतात ती रेघ. सगळे जण उतार घासत बसतात आणि पाठीकडे कुणी बघतही नाही. पाठ खडबडीत असेल तर उतार आरशासारखा केला तरी धार करवतीसारखी दातेरीच राहते. नव्या पटाशीच्या पाठीवरसुद्धा कारखान्यातल्या घासणीचे ओरखडे असतात, त्यामुळे तीही यातून सुटत नाही.

पाठीसाठी काचवाल्याकडून १० मिमी जाडीचा तुकडा आणा, साधारण एक फूट लांब. पातळ काच दाबाखाली लवते. हार्डवेअरच्या दुकानात २२०, ४००, ८०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर मिळतात. काच ओली करून त्यावर पेपर ठेवला की तो आपोआप चिकटून बसतो. वर पाणी शिंपडा. आता पाठीवर टोकापासून दीड इंचापर्यंत मार्करने आडव्या रेघा ओढा. सगळी पाठ सपाट करायची गरज नाही, एवढा भाग पुरे.

पटाशी पेपरवर आडवी ठेवा आणि दोन बोटांनी धारेच्या अगदी जवळ दाबा. मूठ फक्त सांभाळायची, उचलायची अजिबात नाही. मूठ केसभर वर गेली तरी धारेकडची पाठ गोल होते, आणि ती पुन्हा सरळ करायची म्हणजे तासभराचं काम. वीस-पंचवीस वेळा घासून पुसा आणि उजेडात धरून बघा. मार्कर जिथे उरलाय तिथे खड्डा आहे. माझ्या पटाशीला डाव्या कोपऱ्यात गंजाचा खड्डा होता, तेवढ्यासाठी २२० नंबरवरच पाऊण तास गेला. शाई धारेपर्यंत पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका. बारीक पेपर ओरखडे काढतो, खड्डे काढत नाही. शेवटी २००० नंबरवर पाठीत खिडकीचे गज दिसायला लागतात. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच नीट करायचं असतं, म्हणून घाई करू नका.

उताराला कोनमापक लागत नाही. पात्याच्या जाडीच्या दुप्पट लांबीचा उतार म्हणजे ३० अंश. पातं ४ मिमी जाड असेल तर उतार ८ मिमी. सागाला, बाभळीला आणि हातोडा मारून खाच पाडायला हाच कोन धरा. फक्त हाताने तासायचं असेल तर उतार साडेनऊ मिमी ठेवा, म्हणजे जवळपास २५ अंश होतील.

कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड घ्या. वडील त्याला निसणा म्हणायचे. आधी खरखरीत बाजू. उताराची मागची कड टेकवून मूठ हळूहळू उचला. पूर्ण उतार दगडावर बसला की हाताला ते जाणवतं. तिथेच मनगट धरून ठेवा, कोपरं अंगाला लावा आणि हातांऐवजी कमरेतून पुढे-मागे व्हा. दगडाची सगळी रुंदी वापरा, नाहीतर मध्ये खोलगट होतो.

आता पाठीवरून अंगठा धारेकडे, म्हणजे बाहेर ओढा. धारेच्या आडवा, कधीही तिच्या लांबीने नाही. तारेसारखी बारीक कड लागली, आणि तीही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे उतार धारेपर्यंत घासला गेला. मग बारीक बाजू आणि २००० नंबरचा पेपर. शेवटी पाठ त्याच पेपरवर सपाट ठेवून चार-पाच वेळा आपल्याकडे ओढली की ती कड सुटते. नंतर जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवं पॉलिश लावून दोन्ही बाजू दहा-दहा वेळा मागेच ओढा. पुढे ढकललंत तर चामडं कापलं जाईल.

पारख करायची ती खोक्याच्या पाइनवर. फळीच्या टोकाकडून, तंतूंच्या आडवं, हाताने पातळ साल काढा. धार बोथट असेल तर मऊ लाकूड चिरडतं आणि पांढुरकं दिसतं. धार खरी लागली असेल तर कापलेला भाग गुळगुळीत, किंचित चमकदार निघतो.

पावसाळ्यात पात्याला मशीनचं तेल पुसून पटाशी कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. घासून घेतलेल्या पाठीवर आमच्याकडे कोकणात दोन दिवसांत गंजाचे ठिपके येतात.