नाशिकला रूम घेतली आणि नेट गेलं, तर आधी हे करा

जळगाव-धुळ्याकडून सातपूर-अंबडला जॉबसाठी आलेल्यांसाठी लिहितोय, मी २०१३ ला आलो तेव्हा हे सांगायला कोणी नव्हतं. सिडको, अशोकनगर, पाथर्डी फाटा, रूम कुठेही घ्या, लोकल केबलवाल्याचं फायबर खांबाखांबावरून नाहीतर झाडातून येतं, त्यात आता सिंहस्थाची खोदकामं, म्हणजे कधी ना कधी नेट जाणारच. तेव्हा राऊटरमागच्या बारीक भोकात पिन घालू नका! मी घातली होती. रिसेट म्हणजे रीस्टार्ट नाही भाऊ, सगळी सेटिंग पुसली जाते, पीपीपीओईचा (म्हणजे राऊटर केबलवाल्याच्या नेटला ज्याने लॉगिन करतो त्याचा) युजरनेम-पासवर्डसुद्धा. शुक्रवारी रात्री पिन घातली, नेट आलं सोमवारी, रूम पार्टनरचा शनिवारचा ऑनलाइन इंटरव्ह्यू बुडाला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग टाका (कमांड सगळ्या इंग्रजी अक्षरांतच). डिफॉल्ट गेटवेसमोर जो नंबर येतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो तुमचा राऊटर. त्याला पिंग करा, म्हणजे पिंग लिहून पुढे तो नंबर टाका, पलीकडून उत्तर येतंय का ते कळतं. रिप्लाय नाही आला तर घोळ घरातच, वायफाय किंवा राऊटरचा. आला तर पिंग ८.८.८.८ करा, हा गूगलचा सर्व्हर आहे, तिथे टाईम आऊट म्हणजे बाहेरची लाईन गेली. ८.८.८.८ चालतंय पण साईट उघडत नाही, तर डीएनएसची, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा नंबर शोधणाऱ्या सोयीची गडबड. आणि डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर शंभरदा रीस्टार्ट करून उपयोग नाही, फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, सरळ केबलवाल्याला फोन करा.

स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटीवाला (राऊटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) राऊटर असेल तर एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून राऊटरला कमांड द्यायच्या सुरक्षित लॉगिनने, रूट म्हणजे मुख्य युजर म्हणून आत जा. पहिलं लॉगरीड टाकून राऊटरच्या नोंदी (लॉग) बघा, कारण रीबूट केलं की तो लॉग उडतो. मग आयएफअप वॅन मारा, त्याने फक्त बाहेरचं कनेक्शन नव्याने जोडलं जातं, वायफाय चालूच राहतं, माझं निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं. नाहीच झालं तर रीबूट, दोनेक मिनिटं थांबायचं. मायक्रोटिक कंपनीचा राऊटर असेल तर स्लॅश सिस्टिम रीबूट टाकून वाय दाबायचं. टेलनेट (एसएसएचसारखंच पण जुनं लॉगिन) मात्र बंद ठेवा, त्यात पासवर्ड उघडाच जातो.

केबलवाल्याच्या डब्यात बहुतेक एवढं करू देत नाहीत, तिथे प्लग काढून अर्धा मिनिट थांबा नि परत लावा. आणि पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड कनेक्शन जोडायला माणूस येईल तेव्हाच वहीत लिहून घ्या, नंतर मागितला की उद्या देतो म्हणतात.