तार्विझिओ ते मोज्जिओ : जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलप्रवास

आल्प्समध्ये सायकल चालवायची, पण घाटातल्या मोटारींचा ससेमिरा नको असेल, तर ऑस्ट्रियातील साल्झबुर्गपासून इटलीतील ग्रादोपर्यंत जाणाऱ्या सुमारे ४१० किलोमीटरच्या आल्पे-आद्रिया मार्गाचा तार्विझिओनंतरचा टप्पा निवडावा. येथे जुनी पोंतेब्बाना रेल्वे बंद झाल्यावर तिच्याच मार्गावर डांबरी सायकलवाट करण्यात आली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्याने उतारही सौम्य मिळतो, त्यामुळे सामान लादलेली सायकलही सहज ताब्यात राहते.

प्रवास तार्विझिओहून दक्षिणेकडे करावा. कांपोरोस्सोच्या खिंडीपर्यंत किंचित चढ लागतो. तेथून पुढे फेल्ला नदीच्या खोऱ्यात बहुतेक उतारच आहे. वाटेत लोखंडी पूल आणि अनेक बोगदे आहेत. बोगद्यांत दिवे असले तरी सायकलचा पुढचा-मागचा दिवा लावावा, तोंडाशीच काळा चष्मा काढावा आणि पातळ जाकीट हाताशी ठेवावे, कारण भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. ब्रेकचे पॅड आधीच तपासावेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता मधूनमधून दाबणे हिताचे.

क्युझाफोर्तेच्या जुन्या स्थानकात आता उपाहारगृह आहे. फलाटावर बसून कॉफी घेण्याइतका वेळ जरूर राखावा. मोज्जिओनंतर काही ठिकाणी वाहनांच्या रस्त्यावरून जावे लागते, म्हणून निव्वळ वाहनमुक्त प्रवास हवा असणाऱ्यांनी तेथेच थांबावे. परतीसाठी सायकल नेता येणारी रेल्वे आहे, मात्र हंगामात जागा लवकर भरतात.