खाऱ्या वाऱ्यातली जुनी गाडी: दसऱ्याला उघडायची, मिरगाआधी मिटवायची

आतेभावाच्या पडवीत मारुती ८०० उभी होती. १९९७ची, पांढरी, रंग अजून बऱ्यापैकी चकचकीत. तो इंजिन चालू करून दाखवायच्या बेतात होता, पण मी आधी दार उघडून ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं आणि खालचा नमदा (जाड लोकरीसारखा थर) बाजूला केला. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत गेले. चांगला पत्रा टणटण वाजतो. कुजलेला थपथप वाजतो, आणि जोर दिला तर मूठ आत जाते. डाव्या बाजूला माझी मूठ आत गेली. तरीही गाडी घेतली, २५,००० रुपयांना, कारण दोन्ही रनिंग बोर्ड (दारांखालच्या पोकळ पट्ट्या) आणि पुढच्या शॉकॲब्झॉर्बरच्या वरच्या वाट्या शाबूत होत्या. फ्लोअर बदलता येतो. त्या वाट्या गेल्या असत्या तर मी चहा पिऊन परत आले असते.

मी हर्णैला राहते, शिवणकाम करते. गाडीचं सगळं मला येतं असा माझा दावा नाही, पण तीन हंगाम या एका गाडीवर घालवले आहेत आणि समुद्राकाठी जुनी गाडी कशी उभी करायची ते हाताने शिकले आहे. पुण्याचा माणूस इंजिनापासून सुरुवात करेल. आपण पत्र्यापासून करायची. इंजिन गंजाने मरत नाही, गाडी मरते.

मारुती ८०० निवडण्याचं कारण साधं आहे. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं ही गाडी बनली, त्यामुळे सुटे भाग दापोली-खेडलासुद्धा मिळतात. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जुन्या मॉडेलला कार्ब्युरेटर. बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं.

पैसे देण्याआधी कागद बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पासून नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं, २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५मध्ये ते आणखी वाढलं, आणि पर्यावरण कर वेगळा. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. समुद्राकाठी तो नंबर गंजाने पुसट होतो, आणि इन्स्पेक्टरला वाचता आला नाही की पुढे फेऱ्याच फेऱ्या.

आता वेळापत्रक. कोकणात हे काम कॅलेंडरने नाही, हवेने ठरतं. दसऱ्यानंतर खळ्यात (अंगणात) मांडव पडला की गाडी त्याच्याखाली घ्यायची आणि उघडायची. दिवाळी ते संक्रांत पत्रा आणि वेल्डिंग. फेब्रुवारीत रंग. मार्च-एप्रिलमध्ये सीट, वायरिंग, बारीकसारीक. मेमध्ये पाहुणे, आंबे, आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी, तेव्हा गाडी फिरती हवी. मिरग म्हणजे ७-८ जून, त्याच्या आत गाडीत एकही उघडा पत्रा राहता कामा नये. पहिल्या वर्षी मी मार्चमध्ये काम काढलं आणि मेअखेर दोन दारं नुसत्या प्रायमरवर राहिली. साधा प्रायमर पाणी शोषतो. ऑगस्टमध्ये दारांवर तांबडे ठिपके आले आणि सगळं पुन्हा खरवडावं लागलं.

मांडव आंब्याखाली घालू नका. मोहोर आला की तुडतुडे येतात, त्यांचा चिकटा काचेवर, टपावर बसतो आणि त्यावर धूळ. ओल्या रंगावर तो पडला तर रंग वाया गेला.

गाडीखाली शिरायचं असेल तर लोखंडी स्टँड घ्या, चार. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच जायचं नाही. आणि आपल्याकडे अंगणात पडलेले चिरे हाताशी असतात म्हणून त्यांचा थर लावून त्यावर गाडी टेकवतात, तेही नको. चिरा भिंतीत पक्का, पण एका टोकावर भार आला की चुरा होऊन ढासळतो.

गंज शोधायच्या जागा सांगते. बॅटरीखालचा ट्रे. पुढच्या मडगार्डची मागची खालची टोकं. दारांच्या तळाशी असलेली पाणी जायची भोकं, जी हटकून मातीने बुजलेली असतात. पुढच्या काचेच्या रबराखालची कड. डिकीत स्टेपनीची खोलगट जागा. मागच्या चाकांच्या वरच्या कमानी, आतून. पेट्रोल भरायच्या नळीच्या आसपास. या सगळीकडे आपली तांबडी माती घट्ट बसलेली असते. आधी ती सुकी असताना लाकडी पट्टीने खरवडून काढा, मग टाकीच्या गोड्या पाण्याने धुवा, दोन-तीनदा. धुण्याचा कंटाळा करू नका. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही मिठाची माती आतून ओलसर राहते आणि वर कितीही भारी रंग लावला तरी खालून गंज चालूच राहतो.

फ्लोअरचं भोक बघून धाकट्या दिरांना विचारलं. ते बंदरावर फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतात. मला वाटलं होतं, फायबरची चादर आणि रेझिन लावून भोक बुजवू, स्वस्तात काम होईल. ते म्हणाले, “वहिनी, होडीला चालतं, कारण खाली लाकूड नाहीतर फायबरच असतं. गंजलेल्या पत्र्यावर फायबर चिकटत नाही, फक्त झाकतं. मध्ये पाणी अडकेल आणि पुढच्या वर्षी पायाखालची जमीनच जाईल.” मी त्यांचं ऐकलं. कुजलेला पत्रा चांगला चमकदार पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्या मापाचा नवा तुकडा जोडायचा, याला दुसरा मार्ग नाही.

तुकड्याचं माप मी कपड्यासारखंच घेतलं. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापला, फ्लोअरच्या वळणावर दाबून बसवला, चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त ठेवलं, मग तो २० गेजच्या पत्र्यावर उतरवला. पत्रा कापून आणि वाकवून घरीच तयार केला की वेल्डरचे तास वाचतात. मजुरीत माझा सगळ्यात मोठा फायदा इथे झाला. वेल्डिंग मात्र मिग मशीनवाल्याकडूनच (बारीक तारेने जोडणारं मशीन) घ्या. ग्रिलची कामं करणारा एकजण साध्या आर्कने (रॉडच्या वेल्डिंगने) करायला तयार होता, स्वस्तात. त्याने एक टाका मारला आणि रुपयाएवढं भोक पडलं. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, तो आर्कची आच सोसत नाही. मिगवाल्यालाही सांगा की एका दमात रेघ ओढायची नाही. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये पत्रा निवू द्यायचा, नाहीतर तो वेडावाकडा होतो. काम सुरू होण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवा, आल्टरनेटरचं कनेक्शन काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, सीट आणि नमदा बाहेर काढा, आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या.

जोडाच्या दोन्ही बाजूंना त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रात्रभर उघडा राहिलेला पत्रा हर्णैला सकाळी पिवळसर दिसतो. प्रायमर सुकला की सांध्यांवर सीम सीलर, खालून अंडरबॉडी कोटिंग. कोटिंगचा काळा थर गंजावरून मारणाऱ्यांपासून सावध राहा, दिसायला एकदम छान दिसतो.

रनिंग बोर्डच्या पोकळीत ब्रश जात नाही. तिथे मी सलाईनची नवी नळी वापरली: भोकातून आत सरकवायची आणि वरच्या बाटलीतून गिअर ऑइल थेंब थेंब सोडत नळी हळूहळू बाहेर ओढायची. तेल सांध्यांत झिरपतं. खाली पाटीत जुन्या चिंध्या ठेवा, जास्तीचं तेल त्यात पडू दे. जळकं तेल सबंध गाडीखाली फवारायची पद्धत आहे आपल्याकडे. मी करत नाही. ते रबरी बुशांना फुगवतं, आणि खळ्यातून ओघळून विहिरीच्या बाजूला जातं.

रंगाची तयारी घरी, शेवटचे हात पेंटरकडे, असं मी ठरवलं. पीयू रंगातला हार्डनर फुप्फुसांना फार वाईट, साध्या कापडी मास्कने भागत नाही. तयारीत चार गोष्टी पाळा. पुट्टी नुसत्या पत्र्यावर नाही, प्रायमरवर. पुट्टी कोरडीच घासा, पाणी लावून नाही, कारण ती पाणी पिते आणि मग रंगाखाली फोड येतात. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १८०, मग ३२०. आणि काम सकाळी दहानंतर, दव उडाल्यावर, दुपारचा समुद्राचा वारा सुटायच्या आत. रंग होता तोच ठेवा. बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करावी लागते.

ब्रेकमध्ये पैसे वाचवू नका. मागची व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज, आणि फ्लोअरखालून जाणाऱ्या लोखंडी नळ्या गंजून खवल्या धरल्या असतील तर त्याही, सगळं नवं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून अर्धवट उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

इंजिनाला मी फार हात लावला नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आतेभावाला आठवत नव्हतं, म्हणून बदलला. प्लग, पॉइंट, फिल्टर, ऑइल. दोन गोष्टी मात्र आपल्या भागासाठी महत्त्वाच्या. एक, रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका. आमच्याकडचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि ते आतून ॲल्युमिनियम खातं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच. दोन, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, चिरतात, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. त्यामुळे पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून येणारी पेट्रोलची नळी बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

बदल म्हणाल तर मी दोनच केले, आणि दोन्हींनी खरा फरक पडला. पहिला हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच. जुन्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून फिरून येतो, वाटेतच निम्मा दम जातो. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर रिलेपर्यंत, तिथून दिव्यांना, आणि जुनी वायर फक्त रिले चालू करायला. बल्ब ६०/५५ वॅटचेच. केळशीहून रात्री येताना वळणावरची गुरं आता वेळेत दिसतात. सगळी अर्थिंग घासून, घट्ट करून वर व्हॅसलीन लावा. अर्ध्या इलेक्ट्रिक तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरा, नमदा कायमचा काढून टाकला. तो खालून ओला राहतो आणि वरून कळत नाही. आता रंगवलेल्या पत्र्यावर सुटी रबरी मॅट आहेत, उचलली की वाळत टाकता येतात. आवाज थोडा वाढला, चालतो मला.

रुंद टायर, मोठी चाकं यांच्या नादी लागू नका. १२ इंची चाक या गाडीला हलकं ठेवतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, तपासणीत अडतं.

सीट माझ्या हातची, म्हणून जरा सविस्तर. जुनं कव्हर फाडू नका, उसवा. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि बाण काढा, तोच तुमचा नमुना. रेक्झिनला टाचण्या लावायच्या नाहीत, भोकं राहतात. कपड्यांचे चिमटे लावा. दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा, सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. सुई १८ नंबर, टाका लांब, चार मिलिमीटर. बारीक टाका घातला तर रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं शिवणीवर फाटतं. घरचं मशीन जाड सांध्यावर अडलं तर पायाने रेटू नका, चाक हाताने फिरवा. पाठीच्या आणि बसायच्या मधल्या भागाला मी जाड कापड घातलं, कडांना रेक्झिन, नाहीतर मेमध्ये घामाने चिकटायला होतं. तारा आणि फोम यांच्यामध्ये पूर्वी गोणपाट होतं, ते मिठाने चिप्प झालं होतं. त्याजागी दिरांनी आणलेल्या कोऱ्या नायलॉन जाळीची दुहेरी घडी घातली. ती ना ओल धरते ना कुजते. कव्हर चढवण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा. मऊ पडतं आणि सुरकुती न राहता बसतं.

गाडीची किंमत सोडून ५८,००० रुपये लागले, तीन वर्षांत मिळून. त्यातले सगळ्यात जास्त पत्रा आणि वेल्डिंगला, मग रंग, टायर, ब्रेक. सीटचं सामान ३,२०० मध्ये झालं.

पावसात गाडी पडवीच्या पागोळ्यांपासून हातभर आत ठेवा, आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत घाम सुटतो. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं चालवा. बॉनेटखाली बघत जा, उंदीर पावसात उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मॅट उचलून, फ्लोअरची रबरी बुचं काढून बोट आत फिरवा. ओलं लागलं तर त्याच दिवशी पाणी कुठून येतं ते शोधा, बहुतेक वेळा पुढच्या काचेचं रबर असतं. माझं बोट गेल्या दोन वर्षांत कोरडं निघालंय.