वाड्यातल्या जुन्या बंदुकीचा नंबर

जालना, हिंगोली, अंबाजोगाई (तेव्हाचं मोमिनाबाद) इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या छावण्या होत्या. त्यामुळे इकडच्या एखाद्या माळ्यावर लष्करी बंदूक निघाली तर नवल नाही. ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) असेल तर ती भरलेलीच आहे असं समजा आणि परवान्याचं आधी पोलिस ठाण्यात विचारा.

मग नंबर. ठासणीच्या बंदुकीवर कारखान्याचा अनुक्रमांक सहसा नसतोच. दस्त्यावरचा आकडा बहुधा पलटणीतला. त्यापेक्षा घोड्याखालची पट्टी बघा. मागच्या पायांवर उभा सिंह म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. पॉलिश पेपर मात्र लावू नका, पुरावाच घासून जातो! तिरप्या उजेडात फोटो काढा. ली-एनफिल्ड या नंतरच्या ब्रिटिश लष्करी रायफलीचे आकडे पुन्हा पुन्हा वापरलेले असतात, म्हणून आकड्यासोबतचं अक्षर, साल आणि कारखाना तिन्ही टिपा.

कंटिन्जंट 1903 साली ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात मिसळलं. निजामाची कागदपत्रं हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात, कंपनीची दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. तिथे नुसता नंबर घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. पलटणीचं नाव आणि अंदाजे साल सांगा.