पोरगं पिऊन घरी आलं तर ती रात्र कशी काढायची

गटारी, थर्टी फर्स्ट, विसर्जन, मित्राच्या दादाची हळद. अकरावी-बारावीतली पोरं (पोरीसुद्धा, उगाच मुलांवरच ढकलू नका) पहिल्यांदा पितात ती बहुतेक अशाच एखाद्या रात्री, आणि दार उघडणाऱ्या आईबाबांना त्या क्षणी दोनच गोष्टी सुचतात, एकतर कानाखाली जाळ काढायचा नाहीतर लिंबूपाणी पाजून गपचूप झोपवायचं, शेजारच्यांना कळायला नको म्हणून. दोन्ही नको. मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे आणि "झोप लागली होती हो, म्हणून उठवलं नाही" हे वाक्य रात्रपाळीत ऐकलं की पोटात गोळा येतो, म्हणून एकदा नीट लिहितेय.

पहिलं म्हणजे त्याच्या चालण्यावर जाऊ नका. मोठ्या माणसाला जास्त झाली की झोप येते, तोल जातो, शरीरच सांगतं की आता बस. पंधरा-सोळाच्या वयात हा इशारा उशिरा येतो. कोवळ्या वयाच्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय, तेवढ्याच दारूवर त्यांना झोप कमी येते, तोलही कमी जातो, पण लक्षात राहण्यावर मात्र मोठ्या उंदरांपेक्षा जास्त परिणाम होतो. म्हणून पोरं "मला चढतच नाही" म्हणत पीत राहतात, ग्रुपमध्ये त्याचं कौतुक होतं, आणि सरळ चालत घरी आलेल्या मुलाला सकाळी आपण कोणाच्या गाडीवर आलो तेच आठवत नाही. त्यात शेवटचा पेग अजून पोटातच असतो, तो रक्तात उतरायचा बाकी असतो, त्यामुळे घरी आल्यावर, अगदी झोपल्यावरसुद्धा नशा वाढू शकते. बारा वाजता बरा दिसला म्हणजे एक वाजता बरा असेलच असं नाही.

मग शांत आवाजात विचारून घ्या: काय प्यायलास, किती, कधीपासून, काही खाल्लं होतंस का, सोबत कुठली गोळी वगैरे घेतलीस का. ओरडलात तर खरं उत्तर मिळणार नाही, आणि डॉक्टरांना नेमकं तेच लागतं. "फक्त बीअर घेतली" यावर समाधान मानू नका, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीवाले चार स्मॉल झाले. एक क्वार्टर म्हणजे सहा स्मॉल. आणि लिव्हर तासाला जेमतेम एक स्मॉल बाहेर काढतं, ५० किलोच्या पोराचं तर त्याहून जास्त नाहीच. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून प्यायला असेल तर तो फक्त जागा दिसतो, नशा तेवढीच असते.

लिव्हरचा हा वेग वाढवायला काहीही चालत नाही. काळी कॉफी नाही, ताक नाही, लिंबू नाही. थंड पाण्याखाली तर अजिबात उभं करू नका, दारूनं अंग आधीच गार पडत असतं आणि बाथरूममध्ये घसरून डोकं फुटलेली पोरं आमच्याकडे येतात. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका, गुंगीत घसा नीट काम करत नाही, उलटी श्वासनलिकेत जाते आणि पोरगं गुदमरतं. डोकं दुखतंय म्हणून क्रोसिनही त्या रात्री नको, लिव्हरला तेवढं एकच काम करू द्या.

झोपवायचं ते कुशीवर. वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे टाका म्हणजे तो पालथा किंवा उताणा होणार नाही, वरच्या हाताचा पंजा गालाखाली सरकवा, हनुवटी किंचित वर आणि तोंड थोडं खाली झुकलेलं, म्हणजे काही आलं तर उशीवर येईल, घशात जाणार नाही. पाठीला एक लोड लावून ठेवा. खाली जुनी चादर, शेजारी बादली, अंगावर पांघरूण, खोलीतला छोटा दिवा चालू. आणि कोणीतरी एकानं तिथंच बसायचं, दारातून डोकावून जायचं नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी नाव घेऊन हाक मारा, खांदा जोरात दाबा, त्यानं निदान कण्हून हात झटकायला हवा. मोबाईलवर टायमर लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा.

मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, हाक मारून चिमटा काढूनही जागा न होणं, ओठ किंवा नखं निळसर, अंग गार आणि चिकट, झटका म्हणजे फिट येणं, गुंगीतच उलटी, डोक्याला मार. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच १०८. सगळी लक्षणं जमायची वाट बघू नका. आणि केसपेपरवर "जेवण बाधलं" असं लिहायला सांगू नका प्लीज, लाज वाटते हे समजतं मला, पण खरं सांगितलंत तर आम्ही पहिल्या दोन मिनिटांत शुगर बघतो, कारण उपाशी पोटी प्यायलेल्या मुलांची शुगर खूप खाली जाऊ शकते. कुठूनतरी सुट्टी (बाटलीबंद नसलेली), स्वस्तातली दारू आणलेली असेल आणि दुसऱ्या दिवशी धुरकट दिसायला लागलं, पोटात दुखायला लागलं तर तो हँगओव्हर समजून घरी थांबू नका, ते मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असू शकतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला याच विषानं शंभरावर माणसं गेली.

सकाळी पाणी द्या, थोडं थोडं. मऊ भात, पेज, केळं. क्लासला गाडीवर सोडू नका, रात्री अकराला क्वार्टर संपवलेल्याच्या रक्तात सकाळी सहाच्या बॅचलाही दारू असू शकते. तसंही १८ च्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिलीत आणि काही झालं तर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे.

बोलायचं ते दुपारी, तो जेवल्यावर, आणि दोघांतच. आत्या, मामा, आजी सगळ्यांची बैठक बसवू नका. "आमच्या घराण्यात कोणी" पासून सुरुवात केलीत तर कान बंद होतात. त्यापेक्षा रात्रीतलं किती आठवतंय ते विचारा, जिथं आठवण तुटते तिथंच थांबा आणि सांगा की तू त्या वेळी चालत होतास, बोलत होतास, फक्त मेंदू रेकॉर्डिंग करत नव्हता. मुलं याला खरंच घाबरतात, लिव्हर खराब होईल या धमकीपेक्षा कितीतरी जास्त. विचार करून थांबायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो आणि मजा हवी म्हणणारा भाग मात्र आत्ताच जोरात असतो, म्हणून घरी शहाणं वागणारं पोरगं चार मित्रांत भलतंच धाडस करतं, भांडतं, नको तो मेसेज पाठवतं, नदीत उडी मारतं. हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. आणि पुढच्या वेळी अडकलास तर कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येऊ, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही, हेही सांगा, मग तो शब्द पाळा.

दिली कोणी हेही बघा. आपल्याकडे लग्नात एखादा काका "घे रे एक घोट, मोठा झालास" म्हणतो आणि सगळे हसतात. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५ वय लागतं, आणि १८ खालच्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्या काकाला हे तोंडावर सांगा.

एकदा झालं तर एवढं पुरतं. पण महिन्यातून दोनदा-तीनदा व्हायला लागलं, पाकिटातले पैसे कमी व्हायला लागले, जुने मित्र सुटले, मार्क घसरले, एकटा बसून प्यायला लागला, तर अजून एक संधी म्हणून वाट बघत बसू नका, लहान वयात लागलेली सवय मोठेपणी सुटायला जास्त जड जाते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, मन फारच खचलेलं दिसत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, मराठीत बोलता येतं. मुलगा यायला तयार नसेल तरी तुम्ही दोघं आधी जाऊन समुपदेशकाला भेटू शकता, पहिल्या भेटीला तो सोबत हवाच असं नाही.