व्हिडिओ डोअर फोनचं बटण दाबलं तरी गेटचं लॉक उघडत नव्हतं

बटण दाबलं की लॉक नुसतं गुरगुरायचं, उघडायचं नाही. आधी लॉक बदललं, मग अ‍ॅडॅप्टर. पैसे वाया, डोकं फिरलं.

शेवटी बटण दाबून ठेवायला लावून मल्टीमीटर धरला. अ‍ॅडॅप्टरपाशी १२.१ व्होल्ट, लॉकच्या टोकांवर जेमतेम ८.४! मधली ३० मीटर वायर ०.२ चौरस मिमीची, म्हणजे टेलिफोनचीच म्हणा. एवढ्या बारीक वायरीतच व्होल्टेज गळत होतं.

मेन स्विच बंद केला. फक्त लॉकसाठी १.५ चौरस मिमीची वेगळी दोन तारी वायर ओढली. आवाज-चित्राची जुनीच ठेवली. लॉक बंद होताना येणारा उलटा व्होल्टेजचा झटका जिरवायला त्याच्या टोकांवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावला, पट्टीची बाजू प्लसला (लॉक डीसी असेल तरच). मग मेन चालू. आता लॉकवर ११.४ मिळतात, पहिल्याच दाबात उघडतं.